एका मापाचे केस

माझ्या वडिलांचा डोळ्यांवर विश्वास नव्हता. डोक्यावरचे केस सारखे कापले गेले आहेत की नाही, हे ते तळहाताने पाहत. कपाळाकडून मागे नव्हे, तर मानेकडून वर, केसांच्या उलट दिशेने आणि सावकाश. डोळ्याला उजेड फसवतो, असे ते म्हणत. ढगाळ दिवशी वाईट कापलेले डोकेही बरे दिसते आणि तिरप्या उन्हात चांगल्या डोक्यावरही नसलेली रेघ उमटते. तळहाताला ऊन नाही आणि ढगही नाही. हात मध्येच थांबला की समजावे, तिथे पायरी पडली आहे. पायरी म्हणजे केस कापायचे मशीन चालता चालता जिथे दबले किंवा उचलले गेले आणि दोन उंचींचे केस शेजारी राहिले, ती जागा. वडील, म्हणजे आमचे आबा, त्या जागी मधल्या बोटाच्या पेराने एकदाच ठोकत. गिऱ्हाइकाला ती लाडाची थाप वाटे. ती माझ्यासाठी असे, हे मला ठाऊक होते. माझी पायरी बहुतेक उजव्या कानाच्या मागे पडत असे, आणि ते ठोकणे मी दोन वर्षे ऐकले.

सगळ्या डोक्यावर एकाच मापाचे केस ठेवणे हे हजामतीतले सर्वांत सोपे काम, असा लोकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. लांब केसांत कारागिराची चूक लपते, तशीच डोक्याचीही लपते. एका मापात काहीच लपत नाही. लहानपणी पाळण्यात एका कुशीवर निजून चपटी झालेली बाजू, विटीदांडू खेळताना बसलेला व्रण, भोवरा एक आहे की दोन, हे सारे उघडे पडते. नीट कापलेले डोके एका रंगाचे दिसते. केस निराळा आणि कातडी निराळी असे दिसत नाही. दोन्ही मिळून राखाडी, किंचित निळसर अशी एक लव दिसते. वाफशावर एका दिवसात पेरलेली ज्वारी चार बोटे वर येते, तेव्हा रान लांबून असे दिसते. काम बिघडले असेल तर तेच रान पेरणी मोडल्यासारखे दिसते. माझा नातू आता बाजू बारीक आणि वर झुपका असे काहीतरी करून येतो. विजेच्या मशीनला प्लास्टिकचे कंगवे असतात. माप कंगवा ठरवतो, हात नाही. मी त्याला काही म्हणत नाही. त्याच्या डोक्यावरून हात मात्र फिरवून पाहतो.

शिरूर अनंतपाळच्या बाजूला आमचे गाव. गावकी आमच्याकडे होती. वर्षभर सगळ्यांची डोकी आणि दाढ्या करायच्या आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्याचा वाटा घ्यायचा, अशी रीत. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस गेला तेव्हा खळीच झाली नाहीत. खळे नाही म्हणजे वाटा नाही. आबांनी कोणाला बोल लावला नाही. त्यांनी हत्यारांची धोकटी खांद्याला लावली आणि आम्ही लातूरला आलो. लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. भाड्याच्या इमारतींवर कचेऱ्यांच्या नव्या पाट्या चढत होत्या. काही पाट्यांचा रंग ओला असतानाच साहेब आत बसलेले असत. पोलिसांच्या मैदानाजवळ आबांना एक पत्र्याची खोली मिळाली. पुढे खुर्ची आणि आरसा, मागे गोणपाटाचा पडदा लावून संसार. माय डाळमिलवर चाळणीला जाऊ लागली. संध्याकाळी ती येई तेव्हा तिच्या भुवयांवर तुरीची पिवळी भुकटी बसलेली असे आणि पदराच्या गाठीला फुटक्या डाळीच्या चुरीची पुडी असे. त्या चुरीचे वरण, ज्वारीची भाकरी आणि कारळाची चटणी, हे आमचे बाराही महिन्यांचे जेवण. दिवसभर एकीकडून मिलची घरघर आणि दुसरीकडून मैदानावरचे ‘एक दोन, एक दोन’. या दोहोंमध्ये आमच्या हाताच्या मशीनचा कट-कट आवाज.

व्यंकट या घरात आला तो नांदेडहून. ते नीट सांगितले पाहिजे, कारण माझे बिघडणे तिथून सुरू झाले.

आमच्या मशीनचे दात बोथट झाले होते. त्याच्या दोन्ही पात्या एकमेकींवर घासून सपाट कराव्या लागतात, आणि ते काम आबा एकाच माणसाला देत. नांदेडला एक म्हातारे शीख कारागीर होते. ज्याने सगळ्या आयुष्यात आपल्या एका केसाला कात्री लावली नाही, तो आमच्या मशीनला धार लावत असे. आबा मला घेऊन तिथे गेले. ठरल्याप्रमाणे बिलोलीहून माझी आत्या आली होती आणि तिच्यासोबत तिचा मुलगा व्यंकट होता. आत्याचे यजमान त्याच वर्षी वारले होते. तेही आमच्याच व्यवसायातले. व्यंकट माझ्याच वयाचा. त्याच्या हातात एक पिशवी; तिच्यात लाह्या आणि सुकवलेली अंबाडी.

‘‘भाऊ, तिकडं पानी न्हाई अन् कामबी न्हाई,’’ आत्या म्हणाली. ‘‘ह्याचा हात बापावर गेलाय. तुझ्यापाशी ठेवून घे.’’

‘‘हाव,’’ आबा म्हणाले. एवढेच बोलणे झाले.

आमच्यात एक रीत होती. नव्याने धार लावलेले मशीन पहिल्यांदा घरच्या डोक्यावर चालवायचे. ताजी धार कधी कातडी धरते, आणि तो चिमटा परक्याने का सोसावा, हा त्यामागचा विचार. आबांनी मला दुकानाच्या पायरीवर बसवले. त्या दिवसांत माझे केस कानांवर आलेले होते. सिनेमातल्या नटांसारखा मधून भांग पडावा म्हणून मी ते महिनोन्महिने वाढवले होते. तरीही मी तक्रार केली नाही, कारण आबा स्वतः माझे केस कापणार असे मला वाटले. आबांनी मशीन व्यंकटच्या हाती दिले.

‘‘बघू. मार.’’

व्यंकटने डाव्या हाताने माझे डोके धरले. धरले म्हणण्याइतकाही भार नव्हता. मग तो तोंडातल्या तोंडात मोजू लागला. ओकटी, रेंडू, मूडू. बिलोलीकडे घरोघरी अर्धी तेलुगू चालते. दर आकड्याला मशीन एक बोट पुढे सरके. भोवऱ्यापाशी तो थांबला, माझ्याभोवती अर्धा फिरला आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा एकपासून सुरू झाला. माझे केस माझ्या मांडीवर पडत होते. काम संपल्यावर आबांनी माझ्या मानेवर हात ठेवला आणि तो वर नेला. हात कुठेही थांबला नाही. टाळूवर पोचल्यावर तो तिथेच राहिला. मी लहान असताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला असेल. मला आठवत नाही. आठवणीतला हा पहिला. तो माझ्या डोक्यावर होता आणि व्यंकटसाठी होता.

‘‘हं,’’ आबा म्हणाले.

‘‘हाथ हलका है लड़के का,’’ धारवाले म्हातारे म्हणाले.

लातूरच्या बसमध्ये मी खिडकीच्या काचेत स्वतःला पाहिले. माझे डोके मागून चपटे आहे हे मला त्या दिवशी कळले. शेजारी व्यंकट झोपला होता. त्याचेही केस बारीकच होते. डोके बेलफळासारखे गोल. एकाच मापाचे केस दोघांच्या डोक्यांवर असता एक मुलगा देखणा दिसतो आणि दुसरा तुरुंगातून सुटल्यासारखा, हे मी अहमदपूर येईपर्यंत पाहत राहिलो.

घरात त्याने जागा मागितली नाही, त्याला ती मिळत गेली. माय भाजलेली पहिली भाकरी त्याला वाढू लागली. बिनबापाचे पोर, म्हणून. तो हिरवी मिरची कडाकडा चावून खाई आणि डोळ्यांत पाणी आले की ‘अय्यो’ म्हणे, माय हसे. डाळमिलवर उभे राहून पाय सुजलेली माझी आई तोवर फारशी हसत नसे.

‘‘व्यंकू, ते मिशीन चालवताना मोजतोस का मंतर म्हनतोस रे?’’ तिने एकदा विचारले.

‘‘मोजतो मामी. इसरलं की हात चुकतो.’’

‘‘अन् आमचा दिगू?’’

‘‘दिगू न मोजता मारतो,’’ व्यंकट म्हणाला. ‘‘त्याला घाई आसती.’’

तो चेष्टेने बोलला नव्हता. खरे होते ते सांगितले. त्यामुळे ते अधिक लागले. दुसऱ्या दिवसापासून मी मोजू लागलो, मराठीत. उपयोग झाला नाही. तेलुगूत मोजून पाहिले. मूडूच्या पुढचे मला येत नव्हते. मग आबा बाहेर गेले की मी पांघरायच्या घोंगड्यावर मशीन चालवून सराव करू लागलो. घोंगड्याची लोकरही एका मापाची असते. काही दिवसांनी मायने ते झटकले आणि उजेडात धरले.

‘‘ह्याला काय उंदरानं पायऱ्या केल्या का?’’ ती म्हणाली.

व्यंकट खाली पाहत राहिला. त्याला समजले होते आणि तो बोलला नाही. मला त्याच्या न बोलण्याचाही राग आला. आज या वयात मी त्या भावनेला तिच्या नावाने हाक मारू शकतो: तो हेवा होता. तेव्हा मी त्याला न्याय समजत असे. मी मुलगा आणि तो भाचा. मी आधीपासूनचा आणि तो नंतर आलेला. दिवसभर मी हा हिशेब मनात मांडी आणि दर वेळी त्याच्या खुर्चीसमोरची रांग माझ्यापेक्षा लांब दिसे. आबांनी तोवर दुसरी खुर्ची म्हणून एक खोके मांडले होते. खोक्यावर व्यंकट काम करी. लोक खुर्ची रिकामी असताना खोक्यापाशी उभे राहत.

गिऱ्हाइके वाढली होती ती दुष्काळामुळेच. नळाला चार-सहा दिवसांनी पाणी. डोके धुवायला कोणाकडे पाणी नव्हते. केसांचा भांग पाडणारी तरुण पोरेही येऊन म्हणत, ‘‘समदं सारखं बारीक कर गा, पानी वाचंल.’’ आमच्या कामालाही पाणी लागत नसे. दाढीची वाटी चौघांत एक चाले, पण मशीन कोरडे चालते. त्या उन्हाळ्यात रस्त्यावर निघालेल्या माणसांच्या टोप्या काढल्या असत्या तर निम्मे लातूर एका मापाचे निघाले असते.

याच दिवसांत शेख हवालदार दुकानात आले. नव्या जिल्ह्याच्या भरतीतले रंगरूट त्यांच्या ताब्यात होते. धिप्पाड माणूस, पण आवाज मऊ. आबांना ते ‘उस्ताद’ म्हणत.

‘‘उस्ताद, बडे साब आनेवाले हैं, परेड देखने कू. सब के बाल एक माप के होना. अन् सुनो, मैदान पे न्हावी की जागा निकली है. पक्की. सरकारी.’’

आबा वस्तरा पुसत होते. ते थांबले.

‘‘तुमीच आते, मगर तुमारे आँखां में मोतीबिंदू है, कागदात बैठता नै,’’ हवालदार म्हणाले. ‘‘दो छोरे हैं ना तुमारे पास? जिसका हात साफ, उसका नाम मैं दूँगा. दो रंगरूट भेजताऊँ. एक-एक मारने दो.’’

पक्की सरकारी नोकरी. आमच्या घराण्यात कोणी महिन्याच्या महिन्याला पगार पाहिला नव्हता. पाऊस पडो न पडो, खळे होवो न होवो, येणारा पगार. त्या रात्री आम्ही दोघे एकाच घोंगड्याखाली शेजारी निजलो. व्यंकटला ती नोकरी मिळाली तर तो बिलोलीहून आत्याला आणील, पोलीस लाईनीत खोली घेईल, आणि मी धोकटी घेऊन गावी जाईन किंवा रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडीन, हे मला स्पष्ट दिसत होते. कोणाचा हात साफ आहे याविषयी मला शंका नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन रंगरूट आले. त्या वेळी आबा एका म्हाताऱ्या आडत्याच्या घरी दाढी करायला गेले होते. तो गादी सोडून दुकानात येत नसे. माय मिलवर. एक रंगरूट, बालाजी नावाचा, व्यंकटच्या खोक्यावर बसला. दुसरा माझ्या खुर्चीवर. त्याचे नाव मी विसरलो आहे, डोके विसरलेलो नाही. मी मोजले. हात हलका ठेवला. उजव्या कानामागे आलो तेव्हा मी आरशातून बालाजीच्या डोक्याकडे पाहिले. व्यंकट भोवऱ्याभोवती फिरत होता. त्याच वेळी माझा हात दबला. ते माझ्या हाताला कळले. मी सावरायला गेलो आणि ती जागा आणखी दिसू लागली.

तेवढ्यात कोपऱ्यावर टँकरचा भोंगा वाजला. व्यंकटचे काम झाले होते. ‘‘मी पानी आनतो,’’ असे म्हणून तो दोन घागरी घेऊन पळाला. टँकर कोणासाठी थांबत नसे. दोन्ही रंगरूट अंगावरचे केस झटकून बाहेर ओट्यावर उभे राहिले. एकच उंची, एकच खाकी चड्डी, एकच बनियन, आणि आता एकाच मापाचे डोके. आबा आणि शेख हवालदार वाटेत भेटून एकदमच आले. हवालदार आले तशा दोघांनी टाचा जुळवल्या. विचारल्याशिवाय रंगरूट बोलत नाही.

आबांनी माझ्या रंगरुटाच्या मानेवर हात ठेवला आणि वर नेला. कानामागे हात थांबला. त्यांनी पेराने ठोकले. मग बालाजीच्या मानेवरून हात वर गेला, आणि टाळूवर जाऊन राहिला.

‘‘हे कोनी मारलं?’’ त्यांनी विचारले.

मी दारात उभा होतो. माझ्या हातात मशीन होते. मी विचार केला असे म्हणता येणार नाही.

‘‘मी,’’ मी म्हणालो.

बालाजीची मान किंचित हलली, पण तो समोर पाहत राहिला. आबांनी माझ्याकडे तोंड वळवले. त्यांचे डोळे तेव्हा दुधाळ झाले होते. त्यांना माझा चेहरा दिसला की नाही, मला माहीत नाही. हात त्यांनी काढला नाही.

‘‘बोलो उस्ताद,’’ हवालदार म्हणाले. ‘‘किसका है ये?’’

आबांचा अंगठा बालाजीच्या भोवऱ्याभोवती एकदा फिरला.

‘‘माझ्या पोराचं,’’ ते म्हणाले.

‘‘बस. इसका नाम गया समझो.’’

व्यंकट परतला तेव्हा एक घागर त्याच्या डोक्यावर होती आणि एक कमरेवर. हवालदारांनी हसत सांगितले, ‘‘आ रे व्यंकट. तेरा भाई जीत गया. बालाजी का सर देख, क्या मखमल मारा है.’’ व्यंकट उभा राहिला. त्याने बालाजीकडे पाहिले. मग दुसऱ्याकडे, मग आबांकडे. माझ्याकडे पाहिले नाही. त्याने घागरी आत नेऊन ठेवल्या, हात पुसले, बाहेर येऊन माझ्या हातातले मशीन घेतले आणि माझ्या रंगरुटाला म्हणाला, ‘‘जरा बस. हितं राहिलंय माझ्याकडनं.’’

त्याने माझी पायरी काढली. तीन-चार चालींत काढली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मग मशीन फुंकून त्याने ते खोक्यावर ठेवले. आबा पाठमोरे झाले आणि वस्तऱ्याला पट्ट्यावर धार देऊ लागले, जरी दाढीला कोणी बसलेले नव्हते. आणि मी? मला शरम वाटायला हवी होती. मला आठवते ते असे की, माझी चूक आपल्या अंगावर घेऊन ती सर्वांसमोर दुरुस्त करण्यातही त्याचा हात किती हलका आहे, हे मी पाहत होतो आणि जळत होतो.

आठवड्याने व्यंकट म्हणाला की तो बिलोलीला परत जाणार. माय म्हणाली, ‘‘कामून रे? दिगू मैदानावर गेला की खुर्ची तुझीच की. मामाला कमी दिसतंय.’’

‘‘माय एकटी हाय मामी.’’

‘‘तिला हिकडं आन.’’

‘‘बघतो,’’ तो म्हणाला. तो बघणार नव्हता, हे मायशिवाय सगळ्यांना कळले.

आबा त्याला बसस्टँडवर पोचवायला गेले. परत आले तेव्हा त्यांच्या धोकटीत मशीन नव्हते. नांदेडहून धार लावून आणलेले, त्यांच्या वडिलांच्या वेळचे मशीन त्यांनी त्याला देऊन टाकले होते. मला सरकारी कोठारातून नवे कोरे मशीन मिळणार होते. हाती नोकरी होती, पगार होता. त्या संध्याकाळी मी चुरीचे वरण खाल्ले ते फक्त त्या जुन्या मशीनचा विचार करत. नोकरी मला मिळाली होती आणि हेवा मीच करत होतो.

पहिल्या परेडची गोष्ट थोडक्यात सांगतो. चार दिवस मी रंगरुटांची डोकी कापली. पायऱ्या पडल्या. मोठे साहेब आले ते भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना. आणि रंगरूट टोप्या घालून उभे होते. टोप्या काढायला कोणी सांगितले नाही. एका मापाचे केस कोणी पाहिले नाहीत. संध्याकाळी मी बालाजीला मुद्दाम दुकानात घेऊन आलो. त्याचे डोके मी दोनदा कापले होते आणि या वेळी ते साफ झाले होते, असा माझा समज होता. मी आबांना म्हणालो, ‘‘जरा हात फिरवून बघा.’’

आबा म्हणाले, ‘‘तू सरकारी मानूस. मी कोन तपासनार?’’

ते हे रागाने बोलले नाहीत. पाहुण्याशी बोलावे तसे बोलले. त्यानंतर ते पुष्कळ वर्षे जगले. डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली, दुकान पक्के झाले, पाऊसही पुन्हा पडू लागला. माझ्या कामावरून त्यांनी हात फिरवला नाही, आणि पेराने ठोकलेही नाही. मी मैदानावर नोकरी पुरी केली. हजारो डोकी कापली असतील. पुढे माझा हात साफ झाला, असे लोक म्हणत. त्यांच्या म्हणण्यावर मी विश्वास ठेवला नाही, कारण ते डोळ्यांनी पाहत.

आबा गेले त्यानंतर काही वर्षांनी आत्या गेली. तेराव्याला मी बिलोलीला गेलो. व्यंकटचे बाजारात लहानसे दुकान होते. तो स्थूल झाला होता आणि त्याचे केस पांढरे झाले होते. ते त्याने बारीकच ठेवले होते. जेवणे झाल्यावर आम्ही दोघे मांडवाच्या सावलीत बसलो. मी सुपारी कातरत होतो. जे विचारायला इतकी वर्षे लागली ते मी सुपारीकडे पाहतच विचारले.

‘‘त्या दिवशी तू बोलला कामून न्हाईस?’’

कोणत्या दिवशी, असे त्याने विचारले नाही.

‘‘बोललो आसतो, तर हवालदारानं मामाला पुन्ना इचारलं आसतं,’’ व्यंकट म्हणाला. ‘‘अन् मामानं तुझंच नाव घेतलं आसतं. ते मला ऐकायचं नव्हतं.’’

‘‘आबाला म्या फसवलं,’’ मी म्हणालो. ‘‘त्यांला दिसत नव्हतं.’’

व्यंकट हसला. ‘‘दिगू, मामाचा हात होता तो. तुझी पायरी कुठं पडती ते त्याला ठाऊक. माझं काम कसं लागतं तेबी ठाऊक. मामाला समदं कळलं होतं रा. तरी माझ्या पोराचं म्हनला, बालाजीनं सांगितलं मला मागनं.’’ त्याने माझ्या हातातून सुपारीचे खांड घेतले. ‘‘तुला वाटतं तू एकटाच जळत होतास? माझ्यासाठी खोटं बोलनारं मानूस मसनात गेलं होतं. तुझा तर समोर हुबा होता. त्या रातीला मी डोळा लावला न्हाई, ते नोकरीसाठी न्हाई.’’

मी अडकित्ता मिटला. पाच वाजताची बस होती. तो स्टँडपर्यंत आला आणि मी खिडकीची जागा धरीपर्यंत खाली उभा राहिला. पिकाविषयी दोन शब्द झाले. त्याच्या सुनेला दिवस गेले होते, ते त्याने सांगितले. बस सुटली.

माझ्या नोकरीच्या कागदात, निवृत्तीच्या दिवशी झालेल्या भाषणात, माझ्या मुलांनी ऐकलेल्या गोष्टीत असे आहे की मी दोन उमेदवारांतून हाताच्या गुणावर निवडला गेलो. बालाजीचे डोके व्यंकटने कापले होते. हे वाक्य बोलायला त्या दुपारी जेवढा वेळ लागला असता, तेवढाच आज लिहायला लागला.